आगटी, गॅस आणि एक सरकारी टिपणी

गेल्या दिवाळीनंतर एके सकाळी माझ्या भाचीचा कॅलिफोर्नियातून फोन आला. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकाठी एका गावात तिने आणि जावईबापूंनी एक जुने घर विकत घेतले आहे. त्या घराच्या दिवाणखान्यात विटांची फायरप्लेस आहे, वर लाकडाची जाड फळी आहे, आणि आधीच्या मालकाने लोखंडी चिमटा व राख काढायचे फावडेही तिथेच सोडले आहे. "मामा, ही लाकडाचीच ठेवू की आत गॅसची बसवून घेऊ? तुम्ही सिमल्याला होतात, तुम्हाला ठाऊक असेल." आमच्या कुटुंबात थंडीविषयीचे सर्व प्रश्न माझ्याकडे येतात, याचे कारण एवढेच की नोकरीची तीन वर्षे मी सिमल्यात काढली.

"लिहून कळवतो" असे म्हणून मी फोन ठेवला. फोनवर उत्तर देणे मला जड गेले, कारण याच प्रश्नाचे उत्तर पंचवीसएक वर्षांपूर्वी मी एका फाइलीवर लिहून दिले होते आणि ते चुकले होते. त्या टिपणीकडे मी येईनच. परंतु टिपणी लिहिताना मला जे ठाऊक असायला हवे होते आणि नव्हते, ते आधी सांगतो.

फायरप्लेसला मराठीत नेमका शब्द नाही. घरात भिंतीत बांधलेली, वर धुराडे असलेली, आणि स्वयंपाकासाठी नव्हे तर केवळ उबेसाठी असलेली चूल आपल्याकडे कधी लागलीच नाही. शेकोटी अंगणात पेटते, चूल स्वयंपाकघरात. त्यातल्या त्यात 'आगटी' हा शब्द मला जवळचा वाटतो. तोच येथे वापरतो.

इंग्लंडात मात्र आगटी ही घराची खूण होती, इतकी की राज्यकर्त्यांना ती करआकारणीचे सोयीचे परिमाण वाटली. दुसऱ्या चार्ल्सच्या कारकिर्दीत १६६२ साली तेथील संसदेने प्रत्येक आगटीवर वर्षाला दोन शिलिंग कर बसवला. त्याला आपल्या भाषेत चूलपट्टी म्हणायला हरकत नाही. कर सोपा दिसतो: आगट्या मोजा, दोनने गुणा. पण मोजायला घरात शिरावे लागे, आणि धुराडी मोजणारा सरकारी माणूस दिवाणखान्यात उभा राहिलेला कोणालाच रुचत नसे. लोकांनी आगट्या विटांनी बुजवल्या. मग सरकारने बुजवलेल्या आगट्यांसाठी नियम केले. ऑक्सफर्डशायरमधील चर्चिल या गावची १६८४ सालची हकीकत सांगतात, ती अशी की एका घरात स्वतःचे धुराडे ठेवण्याऐवजी भिंत फोडून धूर शेजाऱ्याच्या धुराड्यात सोडला गेला, आणि त्यातून लागलेल्या आगीत वीस घरे भस्मसात होऊन चार माणसे दगावली. १६८९ मध्ये विल्यम आणि मेरी यांनी राज्यावर येताच हा कर रद्द केला, आणि सात वर्षांनी खिडक्यांवर कर बसवला. खिडक्या रस्त्यावरूनच मोजता येतात. महसूल खात्यात काम केलेल्या वाचकांना या सुधारणेचे मर्म वेगळे सांगायला नको.

चूलपट्टीच्या एक वर्ष आधी, १६६१ साली, जॉन एव्हलिन नावाच्या सुशिक्षित गृहस्थाने लंडनच्या धुरावर 'फ्यूमिफ्यूजियम' नावाची पुस्तिका लिहून राजाला सादर केली होती. चुना भाजणारे, दारू गाळणारे, साबण करणारे यांना शहराबाहेर हलवा, असा तिचा सूर आहे. घरोघरच्या चुलींचा दोष त्याने फारसा मानला नाही. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, कारण पुढची तीनशे वर्षे प्रत्येक कायदा हेच करत राहिला. १८२१ चा कायदा वाफेच्या इंजिनांच्या भट्ट्यांसाठी, १८५३ चा लंडनच्या कारखान्यांसाठी. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानेही खाजगी घरांची धुराडी वगळली. कारखानदार मोजके असतात आणि त्यांना नोटीस बजावता येते. आगट्या मतदारांच्या घरात होत्या.

आगटी हे यंत्र म्हणून किती वाईट आहे, हे प्रथम नीट मांडले ते बेंजामिन टॉम्सनने. हा माणूस मॅसॅच्युसेट्समध्ये १७५३ साली जन्मला, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात राजाच्या बाजूने राहिला, आणि पुढे बव्हेरियात जाऊन तेथील शासकाचा उच्च अधिकारी झाला. म्युनिकमधील भिकाऱ्यांसाठी त्याने कार्यशाळा उभारली, सैन्याच्या शिध्याचा हिशेब लावला, आणि काउंट रमफर्ड ही पदवी मिळवली. प्रशासकांच्या इतिहासात त्याला जागा मिळायला हवी, ती भौतिकशास्त्रवाल्यांनी बळकावली आहे. १७९६ च्या सुमारास त्याने आगट्यांवर निबंध लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: जुन्या आगटीचे तोंड आणि धुराड्याचा गळा इतका रुंद असतो की विस्तवाबरोबर खोलीतली गरम हवाच वर निघून जाते, आणि तिच्या जागी दाराच्या फटींतून थंड हवा आत येते, माणूस पुढून भाजतो आणि पाठीला गारठतो. उपाय म्हणून त्याने आगटीची खोली कमी केली, बाजूच्या भिंती तिरप्या केल्या म्हणजे उष्णता खोलीत परावर्तित होईल, आणि धुराड्याचा गळा चार इंचांपर्यंत आवळला. लंडनमधील श्रीमंतांत रमफर्ड आगटीची साथच आली. एवढी सुधारणा होऊनही उघड्या आगटीतल्या लाकडाची दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक उष्णता खोलीला क्वचितच मिळते. बाकीची धुराड्यातून वर जाते, असे म्हणतो आपण. पण ती वर जाताना काजळी सोबत नेते आणि ती शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते.

शेजाऱ्याच्या कपड्यांचा हा खर्च अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. केंब्रिजच्या आर्थर पिगू यांनी १९२० च्या 'द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर' या ग्रंथात खाजगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतला फरक समजावताना शहरांतल्या धुराचे उदाहरण घेतले: कपडे धुण्याचा, घरे साफ करण्याचा, दिवसाढवळ्या दिवे लावण्याचा खर्च धूर करणाऱ्यावर पडत नाही. एम.ए.ला असताना या पानावर मला प्रश्न आला होता आणि गुणही बरे मिळाले होते. सिमल्यात त्याचा काडीचा उपयोग झाला नाही, ही गोष्ट वेगळी.

आता १९४५ सालाकडे येऊ. ८ डिसेंबरला लंडनच्या 'ईव्हनिंग स्टँडर्ड' या सायंदैनिकात उघड्या कोळशाच्या आगटीची बाजू घेणारा एक लेख आला. लेखक जॉर्ज ऑर्वेल. जन्म आपल्या मोतीहारीचा, वडील सरकारी अफू खात्यात. युद्धात पडलेली घरे पुन्हा बांधायची होती, आणि नव्या घरांत आगटी ठेवावी की गॅस-विजेची उष्णता द्यावी, असा वाद होता. आगटी खर्चिक आणि घाण करणारी आहे हे ऑर्वेलने मान्य केले, पण खोलीत विस्तव एकाच ठिकाणी असला म्हणजे कुटुंब त्याच्याभोवती एकत्र येते, हे त्याचे म्हणणे. लेख फार गोड आहे. त्याला पुरती सात वर्षे होत असतानाच, ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत, लंडनवर ते प्रसिद्ध धुके बसले. हवा थांबली होती, थंडी कडाक्याची होती, आणि लाखो आगट्या पेटल्या होत्या. चांगला कोळसा परकीय चलनासाठी निर्यात होत असे. घरगुती ग्राहकांना मिळे तो हलका. त्याच डिसेंबरच्या आरंभी सरकारने 'नटी स्लॅक' नावाचा कोळशाचा चुरा शिधापत्रिकेच्या बंधनातून मोकळा केला होता. त्यावेळच्या हिशेबाने सुमारे ४,००० माणसे त्या धुक्यात मेली; २००१ मध्ये झालेल्या फेरअभ्यासाने हा आकडा १२,००० च्या आसपास नेला.

यानंतरचे प्रशासन मला मृत्यूच्या आकड्यांइतकेच वाचनीय वाटते. प्रथम काही काळ जादा मृत्यूंचे खापर इन्फ्लुएंझावर फोडण्यात आले. गृहनिर्माण मंत्री हॅरल्ड मॅकमिलन यांचे एक गोपनीय टिपण पुढे उघड झाले. त्याचा आशय असा की आपल्याला फार काही करता येणार नाही, पण फार कामात आहोत असे दिसता मात्र येईल, म्हणून एक समिती नेमावी. समिती नेमली गेली. गंमत अशी की सर ह्यू बीव्हर यांच्या त्या समितीने खरेच काम केले. घरांतल्या आगट्यांत देशातला साधारण पंचमांश कोळसा जळतो पण जवळजवळ निम्मा धूर त्यांतून निघतो, हे तिने १९५४ मध्ये मांडले. सरकार तरीही स्वस्थ होते. जेराल्ड नाबारो नावाच्या सत्तारूढ पक्षाच्याच एका खासदाराने खाजगी विधेयक आणले तेव्हा सरकारला आपले विधेयक आणावे लागले, आणि ५ जुलै १९५६ रोजी स्वच्छ हवेचा कायदा झाला. तीनशे वर्षांत प्रथमच कायदा दिवाणखान्यापर्यंत पोहोचला.

या कायद्यातील जे कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते त्यात धुराचा उल्लेखही फारसा नाही. नगरपालिकेने एखादा भाग 'धूर नियंत्रण क्षेत्र' म्हणून जाहीर केला की तेथील घरमालकाला आगटी बदलणे भाग होते: बिनधुराच्या कोकची जाळी, किंवा गॅस, किंवा वीज. त्या बदलाच्या वाजवी खर्चाचा सात दशांश भाग नगरपालिका परत देई. त्यातले चार दशांश केंद्राच्या तिजोरीतून आणि तीन दशांश नगरपालिकेच्या. घरमालकाचे उरले तीन दशांश. शेजाऱ्याच्या कपड्यांचा हिशेब शेवटी असा, दशांशांत लागला. तरीही सगळीकडे सारखा वेग नव्हता. उत्तरेतल्या कोळसाखाणींच्या गावांत खाणकामगारांना सवलतीचा कोळसा मिळे, आणि तो मिळत असताना आगटी बदलायला कोणी तयार नसे. पुढे १९६५ मध्ये उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला आणि १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत ब्रिटनमधील सुमारे चार कोटी गॅसची उपकरणे घरोघर जाऊन बदलण्यात आली; कोळशापासून केलेल्या जुन्या गॅसमध्ये मुळातच विषारी कार्बन मोनॉक्साइड असे, नव्यात तो नव्हता. लाकूड-कोळसा विरुद्ध गॅस हा वाद तिथे संपला. निदान तसे वाटले.

इकडे हिंदुस्थानात धुराचे कायदे उशिरा आले असे नाही. कलकत्त्यासाठी १८६३ सालीच कायदा झाला, बंगालचा मोठा कायदा १९०५ चा, आणि मुंबईचा १९१२ चा. पण सगळ्यांची नजर गिरण्यांच्या धुरांड्यांवर. खाजगी घरातली चूल इथेही बाहेर ठेवली गेली. हिवाळ्याच्या संध्याकाळी कलकत्त्याच्या गल्ल्यांत साचणारा धूर चुलींचा होता हे तपासनिसांना दिसत नव्हते असे नाही. त्या चुलींच्या जागी द्यायला त्यांच्याकडे काही नव्हते.

आगटी मात्र इंग्रजांबरोबर डोंगरावर चढली. सिमला १८६४ पासून उन्हाळी राजधानी झाले. एप्रिलमध्ये सरकार वर जाई आणि शरदात खाली उतरे. म्हणजे त्या बंगल्यांतल्या आगट्या जुलैच्या ओल्या संध्याकाळसाठी आणि मायदेशाच्या आठवणीसाठी बांधलेल्या. जानेवारीतल्या हिमासाठी नव्हेत. जानेवारीत साहेब कलकत्त्यात असे. स्वातंत्र्यानंतर चित्र उलटले. आधी पंजाबचे आणि पुढे हिमाचलचे सरकार बारा महिने तिथे राहू लागले, केंद्राची कार्यालये आली, आणि पावसाळी संध्याकाळसाठी बांधलेल्या त्या आगट्यांवर हिवाळ्याचा सगळा भार पडला. डोंगरातला माणूस या फंदात कधी पडला नव्हता. त्याच्या घरात खोलीच्या मध्यावर लोखंडी पत्र्याची बंद पेटी असते, वर छतातून बाहेर जाणारा पत्र्याचा नळ. हिमाचलात तिला तंदूर म्हणतात, काश्मिरात बुखारी. विस्तव चारी बाजूंनी तापवतो, हवा मोजकी जाते, धूर बाहेर जातो, आणि वर चहाचे भांडेही ठेवता येते. रमफर्ड जे तिरप्या भिंतींनी साधू पाहत होता ते यात पत्र्याने साधले आहे.

तर १९९९ च्या शरदात मी सिमल्याला बदलून गेलो. कार्यालयाचे नाव सांगण्यात हशील नाही. इमारत इंग्रजी काळातली, मागे कर्मचाऱ्यांची निवासस्थाने, तीही जुनीच, प्रत्येक खोलीत एक आगटी. दर हिवाळ्यात जळणाची खरेदी होई: काही क्विंटल बान वृक्षाचे सरपण, काही दगडी कोळसा. लेखापरीक्षणाचा आक्षेप दरवर्षी ठरलेला. लाकूड ओले आले, वजन पाण्याचे भरले. आक्षेप खोटा नव्हता. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असू शकते, आणि ते नीट वाळायला वर्ष जाते, निविदेची मुदत मात्र तीन आठवड्यांची. शिवाय जंगलाचा प्रश्न होताच. पर्याय सुचवण्याचे काम नव्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे आले.

मी टिपणी लिहिली आणि ती चांगली लिहिली. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे ६५० मेगाज्यूल उष्णता असते. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत साधारण १५. म्हणजे नुसत्या उष्णतेच्या हिशेबाने एक सिलिंडर त्रेचाळीस किलो लाकडाबरोबर. पण आगटीत लाकडाची उष्णता जेमतेम आठवा हिस्सा खोलीला मिळते, गॅस हीटरची बहुतेक सगळी. तो फरक धरला तर एक सिलिंडर तीन क्विंटल लाकडाला पुरून उरतो. कोष्टकात दोन रकाने होते, लाकूड आणि गॅस, आणि दुसरा रकाना प्रत्येक ओळीत जिंकत होता. शेवटच्या परिच्छेदात मी एक शिफारस जोडली. गॅस हीटर बसवल्यावर आगट्यांचा उपयोग राहणार नाही, आणि धुराड्यातून थंड वारा मात्र खाली येत राहील. सबब निवासस्थानांतील आगट्या विटांनी बुजवून गिलावा करावा. टिपणी वर गेली आणि जशीच्या तशी मंजूर होऊन आली. असे क्वचित घडते. मी ते कात्रण जपून ठेवले होते.

आमच्या कार्यालयात एक वयस्क चौकीदार होते, रोहडूकडचे. आगट्या बुजवताना गवंड्याशेजारी उभे राहून त्यांनी मला विचारले, "साहब, इसका पाइप कहाँ जाएगा?" मी त्यांना समजावून सांगितले की गॅसला धूर नसतो, त्यामुळे नळाची गरज नाही. ते "जी" म्हणाले. डोंगरातला माणूस साहेबाशी वाद घालत नाही.

पहिला हिवाळा तक्रारींत गेला, पण त्या साध्या होत्या. भिंतींना ओल येते (गॅस जळताना पाण्याची वाफ होते, ती थंड भिंतीवर बसते). सिलिंडर अर्धा असताना ज्योत बारीक होते (आपल्या सिलिंडरमधल्या मिश्रणात ब्यूटेनचा भाग असतो, आणि ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप व्हायचेच थांबते, लोक सिलिंडर कोमट पाण्याच्या परातीत ठेवत). दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारी २००१ मध्ये, बर्फ पडले त्या रात्री आमच्या एका शिपायाच्या कुटुंबाने दाराच्या फटीत गोधडी कोंबली आणि हीटर चालू ठेवून झोपले. सकाळी दूधवाल्याने दार वाजवले, उत्तर आले नाही, त्याने शेजाऱ्यांना बोलावले. आई आणि दोन मुले बेशुद्ध होती. बाप रात्रपाळीला होता. बंद खोलीत प्राणवायू कमी पडला की गॅसची ज्योतही अपुरी जळते आणि कार्बन मोनॉक्साइड करते. त्याला वास नसतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम घातलेला वास गळती कळावी म्हणून असतो, तो जळून जातो. लाकडाच्या धुराने माणूस खोकतो आणि खिडकी उघडतो. तिघेही वाचले. चार दिवस रुग्णालयात होते.

चौकशी झाली. निष्कर्ष निघाला की रहिवाशांनी वायुवीजनाची काळजी घेतली नाही. परिपत्रक काढले: झोपताना हीटर बंद करावा. त्या परिपत्रकाचा मसुदाही मीच केला. जुनी टिपणी कोणी काढून पाहिली नाही, आणि मी होऊन ती पुढे ठेवली नाही. हे लिहायला मला बराच काळ लागला आहे. माझ्या कोष्टकात दोन रकाने होते आणि तिसरा, पत्र्याच्या बुखारीचा, मी ज्यांच्यासाठी टिपणी लिहीत होतो त्यांच्यापैकी निम्म्यांच्या गावच्या घरात होता. इंधन कोणते हे मी पानभर तोलले. जळलेली हवा कोणत्या वाटेने बाहेर जाईल हे एकाने विचारले होते, आणि त्याला मी रसायनशास्त्र शिकवले.

पुढचा हिशेबही माझ्या कोष्टकाप्रमाणे राहिला नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये अनुदानित सिलिंडरवर वर्षाला सहाची मर्यादा आली, नंतर ती नऊ आणि मग बारा झाली. खोली तापवण्यासाठी गॅस जाळणाऱ्या घरातून त्या वर्षी हीटर माळ्यावर गेले असणार. दिल्लीत आता हिवाळ्यात हवा बिघडली की 'ग्रॅप' नावाची टप्प्याटप्प्यांची उपाययोजना लागू होते. रखवालदारांनी शेकोट्या पेटवू नयेत म्हणून रहिवासी संघांनी त्यांना विजेचे हीटर द्यावेत, असे तिच्यात एक कलम आहे. सुरक्षारक्षकाच्या हातावर शेकोटीऐवजी काय ठेवायचे आणि त्याचे पैसे कोण देणार, हे निदान लिहिलेले तरी आहे. माझ्या वसाहतीत त्या हीटरची जोडणी आणि वीजबिल यांवर दोन सभा झाल्या. असो.

भाचीच्या घराचे काय? तिच्या परगण्यांतही कायदा दिवाणखान्यात शिरलेला आहे. उपसागर परिसराच्या हवा नियंत्रण मंडळाने २००८ मध्ये ठरवले की हिवाळ्यात हवा खराब असेल त्या दिवशी लाकूड जाळता येणार नाही. २०१६ च्या नोव्हेंबरपासून नव्या बांधकामात लाकडाची आगटी बसवण्यासही मनाई झाली. तेव्हा लोक गॅसकडे वळले. मग २०१९ मध्ये त्याच परिसरातील बर्कली शहराने नव्या इमारतींत गॅसचीच जोडणी बंद केली, आणि २०२३ मध्ये अपील न्यायालयाने तो ठराव रद्द ठरवला. इंग्लंडातही गॅसने जिंकलेला वाद पुन्हा उघडला आहे: बंद लोखंडी शेगडीत लाकूड जाळण्याची तिथे पुन्हा आवड निर्माण झाली, आणि मे २०२१ पासून इंग्लंडात ओले सरपण लहान गठ्ठ्यांत विकायला आणि घरगुती दगडी कोळसा पोत्यांतून विकायला बंदी आली. ओल्या लाकडावरचा आमच्या लेखापरीक्षकांचा आक्षेप शेवटी कायद्यात गेला म्हणायचा.

मी भाचीला दोन परिच्छेदांचे उत्तर पाठवले. गॅसची बसव, कारण तुझ्या गावात लाकूड जाळायला मिळणारे दिवस मोजके असतील आणि वाळलेले सरपण ठेवायला तुला जागाही नाही. पण बंद काचेची, हवा बाहेरून घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी, दुहेरी नळाचीच बसव. बिननळाची दाखवली तर त्या माणसाला चहा पाजून परत पाठव. झोपण्याच्या खोलीबाहेर कार्बन मोनॉक्साइडची घंटी लाव आणि जुने धुराडे बुजवण्याआधी मला फोन कर. तिने धुराड्यात कॅमेरा सोडून तपासणी करवली. आत वर्षानुवर्षांची काजळी आणि पक्ष्याचे एक जुने घरटे निघाले. नळ त्याच धुराड्यातून नेता येईल असे कारागीर म्हणाला.

सिमल्याला मी नंतर एकदाच गेलो, २०१९ च्या मार्चमध्ये, सौभाग्यवतींना जाखूचे मंदिर दाखवायला. उतरताना त्या निवासस्थानांवरून रस्ता जातो. ओळखीचे कोणी राहिलेले नव्हते. आगट्या अजून बुजलेल्याच असाव्यात, कारण वरच्या विटांच्या धुराड्यांतून धूर येत नव्हता. मात्र बऱ्याच खोल्यांच्या खिडकीची एक काच काढून तिथे पत्रा ठोकला होता, आणि पत्र्याला भोक पाडून एक काळा नळ बाहेर आला होता. चारपाच नळांतून पातळ धूर निघत होता.